सकाळी लागणारा आणि दुपारी विझणारा दिवा: उघड्यावर राहणाऱ्या गाडीचे वायरिंग आणि हिवाळा

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक बंधूंचा प्रश्न असा आहे. त्यांची आठ वर्षांची डिझेल गाडी थंडीच्या दिवसांत, पंपाला रात्रीची वीज असते तेव्हा, बागेजवळच्या बांधावर उघड्यावर उभी राहते. दिवाळी उलटली की सकाळी एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो, मागच्या कॅमेऱ्यात धुके दिसते, मागे काहीही नसताना पार्किंगचे सेन्सर वाजू लागतात, आणि ऊन चढले की दहा-अकरापर्यंत सगळे आपोआप ठीक होते. त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकने सगळे कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड, सिलिकॉन भरून कायमचे बंद करण्याचा सल्ला दिला आहे, आणि रात्री गाडीवर जाड ताडपत्री टाकावी असा त्यांचा स्वतःचा विचार आहे. हे दोन्ही उपाय करावेत का, असे ते विचारतात.

मी गेली २६ वर्षे भुसावळ परिसरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. पैसे खर्च करण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे हे दोन्ही उपाय आपल्या गाडीचा त्रास वाढवतील. आपण प्रश्न 'थंडीपासून संरक्षण' असा मांडला आहे, परंतु आपल्याकडची ८-१० अंशांची थंडी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांना सहज सोसते. त्यांचे नुकसान करते ते दव, आणि त्यातही आत शिरलेली ओल बाहेर पडू न शकणे. दिवा ऊन लागल्यावर विझतो, ही आपण सांगितलेली सर्वांत मोलाची खूण आहे. तुटलेली वायर किंवा जळालेला भाग उन्हाने बरा होत नाही. ओल मात्र उन्हाने वाळते. त्यामुळे एबीएसचा महागडा संच बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी ओलीचा तपास झाल्याशिवाय होकार देऊ नये.

पाऊस नसताना पाणी कोठून येते, हे नीट समजले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. सायंकाळी हवा २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ती हवा १२ अंशांपर्यंत थंड होताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. तापीकाठच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दुपार २८-३० अंशांची आणि पहाट १० अंशांच्या आसपास, म्हणजे ही मर्यादा बहुतेक रात्री ओलांडली जाते. त्यात निरभ्र आकाशाखाली उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून रस्ता कोरडा असला तरी छतावरून दव ओघळते. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पारा १० अंशांखाली जाऊ लागला की केळीला थंडी बाधू नये म्हणून आपण रात्री बागेला पाणी देता आणि बांधावर धूर करता. बागेसाठी ते योग्यच आहे, परंतु त्याच ओलसर हवेत गाडी रात्रभर उभी असते.

आता हे पाणी बंद भागाच्या आत कसे जाते? हेडलॅम्प, सेन्सर, कॅमेरा, कपलर यांच्या पोकळीत थोडी हवा असतेच. गाडी चालून आली तेव्हा ती हवा ६० अंशांवर असेल आणि पहाटे १० अंशांवर आली, तर पूर्ण बंद पोकळीतील दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. मग ती पोकळी जिथून मिळेल तिथून बाहेरची हवा ओढून घेते: रबरी सीलच्या कडेतून, बारीक तड्यातून, किंवा वायरच्या आवरणाखाली तांब्याच्या तारांमध्ये जी फट असते तिच्यातून. म्हणजे आपली गाडी रोज संध्याकाळी ओलसर हवेचा एक श्वास आत घेते. दुसऱ्या दिवशी तो श्वास बाहेर सोडायला वाट मिळाली तर काही बिघडत नाही. वाट मिळाली नाही तर पाणी थेंबाथेंबाने साठत जाते. 'आयपी ६७' असे छापलेले उपकरण धूळ आत येऊ देत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढेच ते अक्षर सांगते. रोजच्या तापण्या-निवण्यातून आत जाणाऱ्या बाष्पाविषयी ते काहीच सांगत नाही.

नुसते दव जवळजवळ शुद्ध पाणी असते आणि त्यातून वीज फारशी वाहत नाही. खरा घात त्यात मिसळणाऱ्या गोष्टी करतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे मी शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. कपलरच्या कडेला बसलेला तिचा थर दुपारपर्यंत ओला राहतो. युरिया आणि पोटॅश हवेतील ओल ओढून घेतात आणि पोटॅशच्या पाण्यातून तर वीज उत्तम वाहते. ठिबकमधून द्यायच्या खतांची पोती डिकीत टाकून नेणारी गाडी आणि केवळ माणसे नेणारी गाडी यांच्या वायरिंगची अवस्था पाच वर्षांत वेगवेगळी झालेली मी नेहमी पाहतो. गेल्या पौषात यावलकडची एक गाडी अगदी आपल्यासारखीच तक्रार घेऊन आली होती. मागच्या डाव्या चाकाच्या एबीएस सेन्सरचा कपलर मी उघडला, तर बाहेरून सील शाबूत दिसत होते, आत मात्र मोरचुदासारखी निळसर हिरवी भुकटी होती. चिमट्याने हलकेच ओढताच एक पिन मुळापासून निघून हातात आली. शेजारची दुसरी पिन जवळपास स्वच्छ होती. आमच्या धंद्यात याला 'कार्बन आला' असे म्हणतात, पण ते तांब्याचे क्षार असतात. ओलीमध्ये ज्या पिनेवर सतत धन विद्युतदाब असतो, तिचे तांबे झिजून विरघळत जाते, म्हणून दोन पिनांपैकी एकच खाल्ली गेलेली दिसते.

काय करावे हे काही अंशी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. साक्री किंवा पारोळ्याकडे कोरड्या माळावर गाडी उभी राहत असेल, तर वर्षातून एकदा स्वच्छता पुरते. तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच पठारावर काही वर्षी दवाचा बर्फ होतो; तिथे गोठलेल्या सेन्सरवर गरम पाणी ओतणे टाळावे लागते. आपली गाडी बागायतीत राहते. ती खते वाहते का आणि तिला बाहेरून बसवलेली उपकरणे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. कॅमेरा आणि सेन्सर कंपनीतून आलेले असतील तर काम कमी आहे. नंतर दुकानातून बसवलेले असतील तर बहुतेक दोष त्या जोडांमध्येच सापडेल.

सिलिकॉन भरण्याविषयी मी आग्रहाने 'नको' म्हणतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. या कामात नवीन असताना एका जीपचा फ्यूज बॉक्स मी मागून संपूर्ण सिलिकॉनने भरला होता. पावसाळा चांगला गेला आणि ग्राहक खूश होता. होळीच्या सुमारास गाडी परत आली तेव्हा ते सिलिकॉन सुरीने कापून काढावे लागले, आणि खालच्या पिना हिरव्या-काळ्या होऊन गळून पडत होत्या. ओल तारांच्या फटीतून आत गेली होती आणि वाळायला तिला वाट उरली नव्हती. शिवाय बाजारात सर्रास मिळणाऱ्या, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते स्वतःच तांब्याला खाते. काच किंवा बंपरची कड चिकटवण्यासाठी सिलिकॉन वापरायचेच झाले, तर ते न्यूट्रल, म्हणजे असा आंबट वास न येणाऱ्या, प्रकारचे घ्यावे. विजेच्या पिनांवर मात्र कोणतेच भरू नये.

याऐवजी क्रम असा ठेवावा: आधी स्वच्छ करणे, मग पूर्ण वाळवणे, आणि शेवटी कपलरला मुळात दिलेले सील पुन्हा कामाला लावणे. हा क्रम उलटा झाला की आपण ओलच आत कोंडतो. यासाठी सर्वांत उत्तम काळ दसरा ते दिवाळीमधला, ऑक्टोबरचा कडक उन्हाचा असतो. तो यंदा गेला असेल तर एखादी निवांत दुपार निवडावी. बॅटरीची ऋण तार काढावी आणि दहा-पंधरा मिनिटांनी चाकांजवळचे व मागच्या बंपरमागचे कपलर एकेक करून उघडावेत. उघडण्यापूर्वी बाहेरची माती मऊ ब्रशने झाडून घ्यावी, नाहीतर तीच आत पडते. आत कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा, लगेच उडून जाणारा फवारा) मारावा, हिरवेपणा असल्यास मऊ टूथब्रशने हलकेच काढावा, पॉलिशपेपर घासू नये, कारण पिनेवरचा कथिलाचा पातळ थर निघाला की पुढच्या हिवाळ्यात ती अधिक वेगाने खराब होते. क्लीनर उडून गेल्यावर कपलर तासभर उन्हात उघडा ठेवावा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर आधी ती हातावर मारून पाहावी. टाकीत पाणी साचलेले असले तर हवेबरोबर तेच पिनांवर जाते.

निळ्या-पिवळ्या डब्यातील डब्ल्यूडी-४० अनेकजण दर सकाळी मारतात. पाणी हटवण्यासाठी तो फवारा चांगला आहे आणि अडलेली गाडी घरी आणायला उपयोगी पडतो, पण त्याचा पातळ थर लवकर जातो आणि उरलेल्या तेलकटपणावर आपली धूळ बसते. दीर्घकाळाच्या संरक्षणासाठी सिलिकॉन ग्रीस, म्हणजे डायइलेक्ट्रिक ग्रीस, घ्यावे. सिलिकॉन सीलंट आणि सिलिकॉन ग्रीस या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. या ग्रीसमधून वीज वाहत नाही, म्हणून कपलर त्याने ठासून भरायचा नसतो. रबरी सीलवर आणि पिनांच्या कडेला बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरतो. कपलर दाबून बसवताना पिना एकमेकींवर घासून आपली जागा स्वच्छ करून घेतात. बेअरिंगचे साधे ग्रीस, रॉकेल किंवा डिझेल तेथे अजिबात लावू नये, कारण त्याने अनेक रबरी सील फुगून निकामी होतात. शेवटी कपलरच्या लॉकचा 'टक्' असा आवाज ऐकू आलाच पाहिजे. लॉक तुटले म्हणून टेप गुंडाळून ठेवलेले कपलर मला दर आठवड्याला दिसतात, आणि त्यांच्यातील सील दाबलेच गेलेले नसते.

नंतर बसवलेल्या उपकरणांकडे आपण सर्वांत जास्त लक्ष द्यावे. चालू वायर सोलून, तिला दुसरी पिळून वर काळी टेप मारलेली असते. उन्हाळ्यात ४५ अंशांत त्या टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात पाणी शिरते आणि हिवाळ्यात बिघाड दिसू लागतो. असे जोड कापून, डाख देऊन किंवा नीट क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून), त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळली जाणारी हीट श्रिंक नळी चढवावी. वायर उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली एक छोटा झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे दव झोळाच्या तळाशी येऊन टपकते, आत जात नाही. रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवताना पिनांची बाजू खाली ठेवावी. तोंड वर असलेला रिले पाण्याची वाटी होतो. आणि शक्य त्या प्रत्येक उपकरणाला वीज इग्निशन स्विचमधून, म्हणजे चावी फिरवल्यावरच मिळेल अशी, द्यावी. चावी काढल्यावर पिनेवर १२ व्होल्ट उरलेच नाहीत, तर रात्रभराच्या दवात ती झिजण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. माझ्या मते एवढ्या एका बदलाने जितके आयुष्य वाढते, तितके कोणत्याही फवाऱ्याने वाढत नाही.

बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टचा विसर पडू देऊ नये. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे त्या बोल्टवर लावावे. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.२ च्या पुढे गेले तर बोल्ट खोलून, पत्रा चकचकीत करून, घट्ट आवळून वरून ग्रीस लावावे. याच वेळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, बॅटरीही मोजावी. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. आपल्याकडे बॅटरी उन्हाळ्यात खराब होते आणि हिवाळ्यातील पहिल्या थंड सकाळी ते उघडकीस येते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले की एबीएससारखे दिवे दोष नसतानाही लागू शकतात. म्हणून दिवा नेमका केव्हा लागतो हे आपण पाहावे. सुरू करतानाच लागून राहिला तर बॅटरी, अर्थिंग किंवा तुटलेले कनेक्शन, आणि गाडी थोडी चालल्यावर लागला तर बहुधा चाकाजवळचा सेन्सर.

ताडपत्रीविषयी. प्लास्टिकची ताडपत्री वरचे दव अडवते, पण ओल्या बांधावरून रात्रभर वर येणारे बाष्प तिच्याखाली कोंडते. सकाळी ती उचलून तिची आतली बाजू हाताने पुसून पाहावी, तळहात ओला होईल. आवरण घ्यायचेच असेल तर हवा खेळणारे, कापडी प्रकारचे घ्यावे, ते खालून वीतभर मोकळे ठेवावे आणि सूर्य वर आला की काढून वाळत घालावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे चारही बाजूंनी मोकळे छप्पर. आकाश झाकले गेले की पत्रा तेवढा थंड होत नाही आणि दवच कमी पडते. छप्पर लोखंडी पत्र्याचे केले तर त्याच्या आतल्या बाजूलाही दव धरते आणि थेंब खाली पडतात, म्हणून उतार द्यावा आणि आतून बारदान किंवा चटई बांधावी. हे काहीच शक्य नसेल तर गाडी बागेपासून दूर, वाऱ्याच्या बाजूला, उंचवट्यावर, आणि सकाळचे ऊन आधी मागच्या बंपरवर पडेल अशी तोंड पश्चिमेला करून लावावी.

कॅमेऱ्यातील धुके भिंगाच्या बाहेर आहे की आत, हे बोटाने पुसून कळते. बाहेर असेल तर तो बिघाड नव्हे. सेन्सरच्या तोंडावरील दवाच्या थेंबांनी खोटा आवाज येतो, तोही पुसल्यावर थांबतो. धुके आत असेल तर स्वस्त कॅमेरा उघडून पुन्हा बंद करण्यात अर्थ नाही, बदलावा. हेडलॅम्पमधील हलकी वाफ दिवा लावून गाडी चालवल्यावर निघून गेली तर ती स्वाभाविक आहे. थेंब ओघळून तळाशी पाणी साचत असेल तर सील किंवा मागचे झाकण गेले आहे. हेडलॅम्पच्या मागे हवा खेळण्यासाठी लहान नळ्या असतात, त्यांत कोळ्याची जाळी आणि माती भरते; त्या साफ कराव्यात, बुजवू नयेत. जास्त उजेडाचे एलईडी बल्ब बसवताना मागचे रबरी झाकण कापून टाकले असेल तर तेही पुन्हा बसवून घ्यावे. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला आणि कापसाचे तंतू साचून निचऱ्याची भोके बंद होतात आणि पाणी केबिनच्या फ्यूज बॉक्सकडे वळते, तेही त्याच दिवशी पाहावे.

थंडीत इंजिनची धुलाई संध्याकाळी करू नये, आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचे पाणी कपलर, फ्यूज बॉक्स व अल्टरनेटरवर थेट मारू देऊ नये. शेतात मका-ज्वारी निघाली की उंदीर उबेसाठी बोनेटखाली येतात. कुरतडलेल्या वायरवर नुसती टेप मारू नका, वर सांगितल्याप्रमाणे जोड करा.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर पहिल्या दुपारी बॅटरी व अर्थिंग मोजा, मागच्या दोन्ही चाकांचे आणि बंपरमागचे कपलर उघडून स्वच्छ करा, आणि आठवडाभर दिवा पाहा. तरीही लागला तर तो लागलेला असतानाच, सकाळीच, स्कॅनरवर बिघाडाचा कोड काढून घ्या. नेमके कोणते चाक ते त्यात कळते. टेस्ट लॅम्प (वायरीला लावून वीज तपासायचा छोटा दिवा) लावून एबीएसच्या वायरी तपासू देऊ नका, मीटरच वापरायला सांगा. तोपर्यंत ब्रेक नेहमीप्रमाणे लागतील, पण जोरात दाबल्यास चाके लॉक होऊ शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर अंतर ठेवा. एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी चालवू नका. आणि सीटखाली किंवा स्टिअरिंगजवळ पिवळ्या आवरणाच्या वायरी वा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना ओल लागलेली दिसली तरी स्वतः हात लावू नका, प्रशिक्षित माणसाकडेच न्या.